ओढ्यापलीकडची लस

त्या वर्षीचा उन्हाळा असा तापला की ओढ्यातलं एक डबकं सोडलं तर अख्ख्या शिवारात जनावराला तोंड लावायला पाणी उरलं नाही. सकाळी गावातल्या गाई-म्हशी डबक्यावर यायच्या, मग शेळ्या, आणि दिवस कलला की ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची डुकरं. पाणी तेच, चिखल तोच. अशातच खालच्या गावांकडून बातमी आली की गुरांना लाळ-खुरकूत लागलीय. तोंडाला फोड येतात, लाळेच्या तारा लोंबतात, खूर सडतात आणि जनावर उभ्याउभ्या वाळतं.

गुरांच्या सरकारी दवाखान्यातला डॉक्टर बातमी आली त्याच दिवशी कामाला लागला. तसा तो डॉक्टर नव्हता, डॉक्टरच्या हाताखालचा माणूस होता. पण मोठ्या डॉक्टरीणबाई शहरात बसत आणि अधूनमधून फेरी मारत, त्यामुळे गावाच्या लेखी डॉक्टर तोच. हात मोठा हलका. त्याचा आवाज ऐकूनच अडलेली गाय निम्मी मोकळी होते, असं लोक म्हणायचे. कुणी कधीही हाक मारली तरी हातातला घास ताटात ठेवून उठायचा. बायको म्हणायची, माझ्या जन्मात यांना गरम जेवताना बघितलं नाही.

एका जनावराला मात्र तो हात लावत नसे, ते म्हणजे डुक्कर. त्याच्या पंथात डुक्कर शिवणं निषिद्ध होतं. चुकून शिवला तरी माणसानं आठवडाभर प्रार्थनाघरात पाऊल टाकायचं नाही. जाणूनबुजून शिवला तर आठवडा पाळायचाच, वर पाप लागतं ते वेगळं. त्याचे वडील त्या प्रार्थनाघराचे वाचक. रोज संध्याकाळी पोथी उघडून सगळ्यांसमोर वाचायचं, हे काम त्यांच्याकडं कित्येक वर्षं होतं. गाव त्यांना वाचकबाबा म्हणे. नोकरीला लागतानाच डॉक्टरनं मोठ्या बाईंना हे सांगितलं होतं, लपवाछपवी केली नव्हती. बाईंनीही तोड काढली. शेजारच्या दवाखान्यातला एक तरणा सहकारी महिन्यातून एकदा मोटारसायकलवर यायचा आणि पलीकडच्या वस्तीवरची डुकरं बघून जायचा. कुणाचं काही अडत नव्हतं, निदान अलीकडच्या काठावरून तसं दिसायचं.

त्या उन्हाळ्यात त्या तरण्याची बदली झाली आणि त्याच्या जागी कुणी आलंच नाही.

लस आली ती बर्फाच्या पेटीत. डॉक्टरनं दवाखान्याच्या अंगणातल्या खोड्यात एकेक गाय घालायला सुरुवात केली. लाकडी दांड्यांच्या त्या चौकटीत जनावर अडकलं की हलता येत नाही. मान थोपटायची, कातडी चिमटीत धरायची, सुई आत, आणि गाईला कळायच्या आत बाहेर. डेअरीवाला रांगेच्या पुढं आपल्या सात गाई घेऊन उभा होता. गावातलं निम्मं दूध त्याच्या डेअरीत जायचं, त्यामुळे रांगेत पुढं उभं राहायला त्याला कुणाची परवानगी लागत नसे. गाई झाल्या, म्हशी झाल्या, शेळ्या झाल्या. अगदी तान्ही वासरं तेवढी राहिली, कारण त्या वयात ही लस देत नाहीत. डॉक्टरचा सदरा अंगाला चिकटला होता आणि अंगठा सिरिंज दाबून दाबून सुजला होता.

गर्दी पांगल्यावर खोड्याजवळ एक बाई उभी असलेली त्याला दिसली. पलीकडच्या वस्तीवरची. गावात तिला नाव नव्हतंच, नुसतं 'पलीकडची' म्हणत. नवरा कमरेनं बसलेला, सगळा संसार डुकरांवर. तिनं विचारलं, आमच्याकडं कधी येणार. डॉक्टर म्हणाला की नवा माणूस नेमला की तो येईल. ती बरं म्हणून गेली. चार दिवसांनी पुन्हा आली आणि तेच उत्तर घेऊन गेली. डॉक्टरनं शहरात निरोप पाठवला होता, नाही असं नाही. पण दोन्ही वेळा ती पाठमोरी झाली तेव्हा त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाजही वाटली.

तिसऱ्यांदा ती आली तेव्हा तिच्या कडेवर धुतलेल्या पांढऱ्या चादरीत काहीतरी गुंडाळलेलं होतं. तान्हं मूल आणावं तसं तिनं ते आणलं होतं. चादर बाजूला केली तर आत डुकराचं पिल्लू. साबणानं चोळून धुतलेलं, गुलाबी, कानाच्या घड्यांतसुद्धा मातीचा कण नाही. नव्या साबणाचा वास थेट टेबलापर्यंत आला.

"धुऊन आणलंय," ती म्हणाली. "आता तर शिवता येईल?"

डॉक्टर खुर्चीतून उठला होता तो तसाच थांबला. "घाणीचा प्रश्न नाही, बाई."

"मग कशाचा?"

या प्रश्नाला उत्तर होतं. लहानपणापासून त्याला ते पाठ होतं. पण ते तिच्या तोंडावर म्हणायचं म्हटल्यावर त्याची जीभ उचलेना. पिल्लानं चादरीतून नाक बाहेर काढून हवेत हुंगलं. शेवटी त्यानं एक मार्ग काढला. लसीची बाटली आणि सिरिंज खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, आपण चार पावलं मागं सरला, आणि तिथूनच तिला सांगितलं: कानामागं, मानेत टोचायचं, एवढ्या रेघेपर्यंत भरायचं, दरवेळी सुई उकळून घ्यायची. तिनं नीट ऐकलं, परत म्हणून दाखवलं. मग तिची नजर कोपऱ्याकडं गेली.

"ती बर्फाची पेटीपण द्या. दिवस मावळायच्या आत आणून ठेवते."

लस गार राहिली नाही तर तिचं पाणी होतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक. वस्ती उन्हातून तासाच्या वाटेवर, आणि डुकरं धरायला आणखी वेळ. पण पेटी एकदा डुकरांच्या खुराड्यात जाऊन आली की तो तिला हात लावणार कसा? आणि पेटी नसेल तर उद्या दवाखाना चालणार कसा?

"पेटी सरकारी आहे," तो म्हणाला. "अशी कुणाला देता येत नाही."

"सरकारी आहे म्हणून तर मागतेय," ती म्हणाली.

मागच्याच वर्षी डेअरीवाल्याच्या घरच्या लग्नात हीच पेटी सरबत गार करायला दोन दिवस गेली होती आणि परत आली तेव्हा साखरेनं चिकट झाली होती. त्यानं बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून दिली. बाईनं पिल्लू एका कडेवर घेतलं, बाटली पदराच्या सावलीत धरली आणि भर उन्हात ती चालू लागली. फडकं फाटकापाशी पोचेपर्यंतच सुकलं असेल.

घरी आल्यावर त्यानं हे बायकोला सांगितलं, पेटीचंसुद्धा. ती भांडी घासत होती. तिनं घासलेलं पातेलं उपडं घातलं आणि म्हणाली, "व्रत तुमचं, आणि उपास तिला."

"तूही त्याच पंथातली आहेस."

"आहे. मी पगार घेत नाही म्हणून माझं निभतं." मग जरा वेळानं, त्याच्याकडं न बघता, ती म्हणाली की तुम्ही डुकराला शिवा असं मी म्हणत नाही, पण ती बाई घरी गेली असेल, आणि तिला काय वाटलं असेल हे तुम्हाला कळतंय, नाहीतर तुम्ही मला सांगितलंच नसतं.

पंधरवड्याच्या आतच वस्तीवरची डुकरं पडायला लागली. तोंडाला फेस, खूर सोललेले, गुडघ्यांवर सरपटत चालायची. दिवस कलला की त्यांतली चालती डुकरं डबक्यावर यायचीच. तहान कुणाला सांगून येते. मग गावातल्या वासरांना रोग लागला. मोठ्या गाईंना लस होती, त्या बहुतेक निभावल्या. पण लस न दिलेली तान्ही वासरं दूध पिता पिता मान टाकायची. डॉक्टर गोठ्या-गोठ्यांतून फिरत होता. लाल औषधाच्या पाण्यानं तोंडं धुवायची, जिभेवरच्या फोडांना ग्लिसरीन लावायचं, खुरांतले किडे चिमट्यानं काढायचे. हात कोपरापर्यंत लाल झाले होते. डेअरीवाल्याची दोन वासरं एकाच सकाळी गेली. त्यानं ती ओढत नेऊन रानाच्या कडेला टाकली आणि परत येताना वाटेवरच्या प्रत्येकाला थांबवून सांगितलं की हे सगळं पलीकडच्यांचं देणं आहे.

त्या संध्याकाळी डेअरीपुढं माणसं जमली. रिकाम्या कॅनवर कुणी बसलेलं, कुणी काठ्या टेकून उभं. डेअरीवाला म्हणत होता की उद्या सकाळी सगळ्यांनी मिळून पलीकडं जायचं, उरलीसुरली डुकरं मारून खड्ड्यात घालायची, खुराडी पेटवून द्यायची आणि त्या लोकांना सांगायचं की दुसरीकडं पोट भरा. कुणी म्हणालं, बायका-मुलं आहेत तिथं. दुसरा म्हणाला, वासरंही कुणाची तरी मुलंच होती. वाचकबाबा जमावाच्या मधोमध बसले होते. ते म्हणाले, आग लावू नका, मारहाण करू नका. पण जे अशुद्ध ते दूरच असलेलं बरं, हे आपल्या वाडवडिलांनी उगाच सांगितलेलं नाही.

डॉक्टर कडेला एका गाईचा पुढचा पाय मांडीवर घेऊन खूर साफ करत बसला होता. त्यानं पाय खाली सोडला. तो कधी चारचौघांत बोलत नसे, त्यामुळे तो उभा राहिला तरी लोकांना वाटलं, हा पाणी प्यायला उठलाय.

"दोष त्यांचा नाही," तो म्हणाला. "त्या बाई लस मागायला तीनदा आल्या. मी गेलो नाही. बाटली दिली ती उन्हात नासेल हे मला माहीत होतं. पेटी मी दिली नाही."

एका कॅनचं झाकण घरंगळत गेलं, ते कुणी उचललं नाही. मग डेअरीवाला हसल्यासारखं करून म्हणाला, "जाऊ द्या हो डॉक्टर, तुम्ही धर्मानं वागलात. तुम्हाला कोण बोल लावतंय?"

"तेच सांगतोय," डॉक्टर म्हणाला. "बोल मला कुणी लावत नाही. वासरं तुमची मेली आणि डुकरं त्यांची."

वाचकबाबा उठले, काठी घेतली आणि एकटेच घरी निघून गेले. हळूहळू बाकीचेही पांगले. दुसऱ्या सकाळी पलीकडं कुणी गेलं नाही. शरमेनं असेल किंवा ओढ्याच्या चिखलात पाय घालायचा कंटाळा असेल.

मोठ्या डॉक्टरीणबाई दुपारी शहरातून जीपनं आल्या. रजिस्टर बघितलं, गोठे बघितले, मग दवाखान्यात पंख्याखाली बसून डोक्याचा घाम पुसला. आवाज चढवला नाही. डॉक्टरला वाटलं होतं, नोकरीवर येईल. त्या म्हणाल्या की चूक माझीही आहे, तो मुलगा गेल्यावर दुसरा माणूस बघायला हवा होता, मी म्हटलं चालेल महिनाभर. मग पाणी पिऊन म्हणाल्या, "तुमची श्रद्धा खरी की खोटी, हे मी बघायला बसलेली नाही. मला एवढंच सांगा, त्या बाईनं जायचं कुणाकडं?"

बाईंनी त्याच्यासमोर दोन वाटा ठेवल्या. शहरात चाऱ्याचं सरकारी गोदाम आहे, तिथं जागा रिकामी आहे. पगार तोच, जनावर एकही नाही, श्रद्धेला कसला धक्का नाही. त्यात कमीपणा मानू नका, सरळ रस्ता आहे. नाहीतर इथंच राहा, पण मग दवाखान्यात येईल ते जनावर तुमचं. गोदामाला हो म्हणालात तर तुमच्या जागी माणूस यायला पावसाळा उजाडेल.

"आणि तोवर?" त्यानं विचारलं.

"तोवर मी येईन जमेल तेव्हा," बाई म्हणाल्या. जमणार किती, ते दोघांनाही ठाऊक होतं.

तो ओढ्याच्या काठानं बराच वेळ चालला. गोदामाची वाट वाईट नव्हती. तिथं गवताच्या पेंढ्या मोजायच्या, कुणाला नाही म्हणायची वेळच यायची नाही. पण त्याचे हात दुसरं काही शिकले नव्हते. आणि पावसाळ्यापर्यंत पलीकडं काय उरलं असतं?

घरी वाचकबाबा ओसरीवर बसले होते. कालपासून ते बोलले नव्हते. त्यानं पुढं बसून सांगितलं की उद्या मी पलीकडं जाणार आहे.

म्हातारा बराच वेळ काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिला. "शिवलास की आठवडाभर बाहेर. माझा मुलगा म्हणून सूट नाही."

"सूट मागत नाही, बाबा."

"दर महिन्याला जावं लागेल."

"लागेल."

"ते पाप आहे, हे मानतोस ना अजून?"

"मानतो."

"मग?"

"माझं पाप मला भरू द्या. आजवर तिनं भरलं."

म्हातारा उठून आत गेला आणि न जेवता झोपला. बायकोनं ताट झाकून ठेवलं, सकाळी ते तसंच होतं.

डॉक्टर तांबडं फुटताच निघाला. पेटी सायकलला बांधली होती, तीत बर्फ आणि लस. डबक्याच्या कडेनं सायकल उचलून पलीकडं नेली. वस्तीच्या तोंडाशी नव्या मातीचे ढिगारे दिसले, वर चुना टाकलेला. बाईनं निम्म्याहून जास्त डुकरं पुरली होती. तिचा नवरा बाजेवर बसूनच फावड्याचा दांडा ताशीत होता. ती शेणाचे हात फडक्याला पुसत बाहेर आली, आधी डॉक्टरकडं आणि मग सायकलकडं तिनं बघितलं.

"पेटी सरकारीच आहे ना अजून?" तिनं विचारलं.

"आहे," तो म्हणाला. जरा थांबून म्हणाला, "त्या दिवशी द्यायला हवी होती."

"हो. द्यायला हवी होती." आणि ती खुराड्याचं दार उघडायला वळली.

जी डुकरं अजून आजारी पडली नव्हती ती तिनं वेगळ्या कुंपणात ठेवली होती. त्यांना आधी टोचायचं ठरलं. ती दोरीचा फास डुकराच्या वरच्या जबड्यात अडकवून ताणून धरायची. पहिलं डुक्कर असं किंचाळलं की डॉक्टरच्या हातातली सिरिंज खाली पडली. त्यानं दुसरी सुई लावली. मग तो वाकला, डावा हात पुढं केला, तो हात मध्येच थांबला. बाई दोरी ताणून उभी होती, तिच्या दंडाच्या शिरा वर आल्या होत्या. ती म्हणाली नाही की लावा हात, किंवा नका लावू. नुसती वाट बघत होती. त्यानं हात डुकराच्या मानेवर ठेवला.

केस काथ्यासारखे राठ होते आणि खाली कातडी गरम. मानेची शीर भयानं धडधडत होती, खोड्यात पहिल्यांदा घातलेल्या कालवडीची धडधडते तशीच. त्यानं आपोआप थोपटलं, तोंडातून आपोआप तोच आवाज निघाला, जो तो गाईंसाठी काढायचा. सुई कानामागं गेली. पुढचं डुक्कर. मग आजारी कुंपणात गुडघ्यांवर बसून त्यानं खूर धुतले, सोललेली नखं कापली, औषध भरलं. एका डुकरिणीच्या आचळांनाही फोड आले होते आणि तिची पिल्लं भुकेनं एकमेकांचे कान चोखत होती. तिला त्यानं सगळ्यांत जास्त वेळ दिला. मध्येच एकदा त्याला उलटी झाली. तो कुंपणाला धरून उभा राहिला, तोंड पुसलं आणि परत बसला. बाईनं ते बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

काम संपलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. तिनं दाराशी बादली आणून ठेवली, साबण ठेवला. "आमच्या हातचं पाणी चालत नसेल तर ओढा आहेच," ती म्हणाली.

त्यानं त्याच बादलीतून कोपरापर्यंत हात धुतले. आभार तिनं मानले नाहीत. फक्त पुन्हा कधी येणार ते विचारलं. तो म्हणाला, चार दिवसांनी, खूर बघायला. त्याला वाटलं होतं, आता आपल्याला हलकं वाटेल किंवा फार जड तरी. तसलं काहीच झालं नाही. भूक लागली होती, पाठ दुखत होती, आणि अंगाला येणारा वास जात नव्हता.

संध्याकाळी बायको म्हणाली की आज तिकडं जाऊ नका, लोक बघतील. तो म्हणाला, आत जात नाही. तो गेला आणि प्रार्थनाघराच्या अंगणात, बाहेरच्या भिंतीपाशी चपला काढून उभा राहिला. माणसं येत होती. कुणी मान हलवली, कुणी जमिनीकडं बघत आत गेलं. डेअरीवाला त्याच्यापासून हातभर अंतर राखून गेला, आणि आत शिरता शिरता वळून म्हणाला की माझ्या तिसऱ्या वासराचा पाय उद्या जरा बघून घ्या. डॉक्टर म्हणाला, बघतो.

वाचकबाबा सगळ्यांत शेवटी आले. पोराच्या अगदी जवळून गेले, त्याच्याकडं न बघता. आत पोथी उघडल्याचा आवाज आला, माणसं खोकून, सावरून बसली. पण वाचन सुरू होईना. मग डॉक्टर उभा होता त्याच्या डोक्याजवळ भिंतीतली खिडकी आतून खडखडली. उन्हाच्या झळा येतात म्हणून त्या बाजूच्या खिडक्या पावसाळ्यापर्यंत कुणी उघडत नसे. कडी गंजून बसली होती. आतून एकदा धक्का बसला, दोनदा बसला. तिसऱ्या धक्क्याला झडप उघडली आणि तिच्या कडेवर त्याला बापाचा सुरकुतलेला हात दिसला. तो हात लगेच मागं गेला.

आत कुणीतरी कुरकुरलं की वारा येतोय, पोथीची पानं उडतील. बाबांनी पानांवर तळवा दाबून धरला आणि वाचायला सुरुवात केली.